चौकशीला आलेले मामा

दहावी झाली की मुलीचे बूट माळ्यावर जातात, हे मी नोकरीभर बघत आले. मी खेळाची बाई. तोंडाची फटकळ, त्यामुळे घरोघरी जाऊन आईबापांशी भांडले. त्यातून शाळा सोडलेल्या बारा मुलींचा खो-खोचा संघ उभा राहिला. रोज सकाळी सहाला शाळेच्या मैदानावर सराव असायचा.

त्यातली एक फार जिद्दीची. खांबाजवळ असा सूर मारायची की गुडघे सोलून निघाले तरी गडी बाद करूनच उठायची. वडील नव्हते. आई शिवणकाम करायची आणि पोरीला खेळू देत होती ती केवळ माझ्या शब्दावर. "बाई, तुमच्या भरवशावर सोडलीया," हे ती दर भेटीत ऐकवायची.

पोरीला गडहिंग्लजकडचं स्थळ आलं. आमच्याकडे मुलगी बघायच्या आधी चौकशी होते. शेजारी, दुकानदार, शाळा, कुणी सुटत नाही. एका दुपारी मुलाचे मामा शाळेत आले. चहा घेता घेता त्यांनी सरळ विचारलं, "पोरगी अजून खेळती म्हणं? गावोगावी जाती?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. खेळते, आणि लग्नानंतरही खेळणार. पटत नसेल तर दुसरं घर बघा. इतक्या जणांना मी हेच सुनावलं होतं. पण डोळ्यांसमोर तिची आई आली. माझ्यामुळे स्थळ मोडलं तर? मी म्हणाले, "शाळेत होतं तेवढंच की. आता कुठलं काय? सोडलं तिनं."

"मग बरं हाय," म्हणत मामांनी बशीतला चहा संपवला.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. तरी मनाची समजूत घातली, लग्न तर होऊ दे, नवऱ्याशी नंतर बोलता येईल.

लग्न ठरल्यावर पत्रिका द्यायला ती एकटीच आली. मी म्हटलं, "लग्नानंतर खेळ सोडू नकोस. मी बोलते तुझ्या नवऱ्याशी."

तिनं पत्रिकांचा गठ्ठा परत पिशवीत ठेवला.

"बघायला आल्यावर त्येंनी मला इचारलं, अजून खेळतीस काय. माझ्या तोंडात व्हय आलंच होतं. तेवढ्यात मामा म्हणाले, बाईंनी सांगितलंय, सोडलंय म्हणून. आता तुम्हाला खोटं कसं पाडायचं, बाई? न्हाय म्हणून सांगितलं."