दानात गेलेला गेम

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. फजिती झाली ती झाली, पण ती व्रतापायी झाली, याचं दुःख जास्त!

आमच्याकडे दोन वर्षं बाप-लेक बोलत नव्हते. नीलेशने अमरावतीतली पक्की नोकरी सोडून पुणं गाठलं, तेव्हापासून. फोन आला की मध्ये मी. "त्याला विचार, जेवला का." "त्यांना सांग, जेवलो." दोघांच्या जेवणाची चौकशी करता करता माझं ताट थंड!

म्हणून श्रावणात संकल्प केला. महादेवा, या दोघांना बोलतं कर, मी दर सोमवारी घरातली एक वस्तू दान देईन. तेवढाच माळाही रिकामा होईल, हे मात्र महादेवाला सांगितलं नाही.

चौथ्या सोमवारी माळ्यावर एक खोका सापडला. वर जहाजाचं चित्र, आत सहा काळ्या चौकोनी फ्लॉप्या. नीलेश शाळेत होता तेव्हाचा कॉम्प्युटरवरचा गेम. तो कॉम्प्युटर तर कधीच भंगारात गेला. आता कोण विचारतंय याला? अकोल्याहून मोठी नणंद आली होती. एकेका फ्लॉपीवर तुळशीपत्र ठेवलं, उदक सोडलं आणि खोका तिच्या हातात!

"कायच्या वड्या व्हय वं ह्या?"

"असू द्या वन्सं, दान आहे."

गुरुवारी नीलेशचा फोन. "आई, तो जहाजाचा गेम आहे ना गं? मित्राकडून जुना, चालू कॉम्प्युटर मिळालाय. मी आणि बाबा शेवटच्या बेटापर्यंत पोचलो होतो. महालक्ष्म्यांना येतो. बसू म्हणतो दोघं."

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? खरं बोलायला! आणि मी काय बोलले? "आहे की! जपून ठेवलाय!" जन्मभराच्या उपासांचं पुण्य एका वाक्यात गेलं.

नीलेशचा बेत ह्यांच्या कानावर घातला. ह्यांनी लगेच कोपऱ्यातलं टेबल पुसलं आणि खिडकीशी ओढलं. ते पुसलेलं टेबल बघून मी रात्रीच पर्स भरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहिली एसटी पकडून अकोला. जुन्या शहरात नणंदेकडे पोचले, चहा आला. कप ठेवला कशावर? फ्लॉपीवर!

"कपाखाले लय बेस हायेत," नणंद म्हणाली. "रोज लिंबाच्या साबणानं घासून राहिली मी. पाह्य, कशा चकाचक!"

"वन्सं, मला त्या परत हव्यात."

"काहून वं? देल्लं दान वापस मांगते? पाप लागन तुले!"

मी पर्समधून माझा चांदीचा करंडा काढून पुढे ठेवला. तिने तो हातात तोलून पाहिला.

"मंग ठीक हाये. हे वापस नाई, अदलाबदल झाली."

घरी आणून सहाही फ्लॉप्या गच्चीवर कुरडयांसारख्या वाळवल्या आणि देवापुढे ठेवल्या. आशा कुठे सुटते हो?

महालक्ष्म्या बसल्या, नीलेश तो जुना कॉम्प्युटर घेऊन आला. टेबलाशी दोन खुर्च्या. पहिली फ्लॉपी घातली. कॉम्प्युटरने खर्र केलं आणि गप्प. दुसरी, तिसरी… सहावीचंही तेच. नीलेश पडद्याकडे बघत राहिला. हे खुर्चीवरून उठायला लागले. संपलं, म्हटलं.

तेवढ्यात ह्यांनी एक फ्लॉपी नाकाशी नेली.

"लिंबाचा वास येतोय रे."

"मलाही येतोय, बाबा."

आणि दोघांच्या माना माझ्याकडे!

रडत रडत सगळं सांगितलं. नीलेशने कपाळाला हात लावला. "आई, फ्लॉपीवर पाणी सोडलंस?"

"हे काहीच नाही," हे म्हणाले. "दसऱ्याला हिनं माझ्या मोबाइलला पंचामृताचं स्नान घातलं होतं."

"काय सांगता?"

जेवणाची पानं वाढेपर्यंत दोघं माझेच पराक्रम मोजत बसले.

ते शेवटचं बेट काही दिसलं नाही, आता दिसणारही नाही. नीलेश परत गेला. आताशा तो थेट ह्यांना फोन करतो, पण विचारतो एकच. "आईनं नवीन काय केलं?" सांगण्यासारखं नसलं की दोघंही गप्प, आणि फोन पुन्हा माझ्या हातात. म्हणून अधूनमधून मीच काहीतरी बिघडवून ठेवते.

परवाचा मिक्सर मात्र, देवाशपथ सांगते, मुद्दाम नव्हता हो!