लोकरीचं टोपडं

२४ डिसेंबर, संध्याकाळ. पापडी गावच्या चर्चमध्ये नाताळचा गोठा मांडायला हजर: मी, फादर आणि माझ्या शेजारच्या मावशी.

मावशी कमी बोलतात. दर वर्षी पेंढा हातात चोळून बघतात, टोचणारा बाजूला काढतात. त्यांना मूल झालं नाही. त्याबद्दल त्या कधीच बोलत नाहीत.

यंदा त्यांनी बाळ येशूसाठी लोकरीचं टोपडं विणून आणलं.

"मावशी, देवाला थंडी वाजते होय?" फादर हसले.

"देवाला नसंल वाजत, फादर. पन बाळ झाला ना तो?"

टोपडं बांधून त्यांनी मूर्ती मानेखाली हात देऊन उचलली, तान्ह्याला घेतात तशी, आणि छातीशी धरली. मला 'द्या इकडे' म्हणवेना.

मेंढ्या मांडल्या, तारा टांगला. मिस्साच्या प्रार्थनेला माणसं जमू लागली आहेत. बाळाला गव्हाणीत ठेवायचं तेवढं राहिलंय.