कुरडयांमध्ये वाळत घातलेली चिप

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले लॅब असिस्टंट नत्थूजी यांचा एकच सिद्धांत होता : वस्तूत जेवढं असतं, तेवढं कंपनीवाले आपल्याला देत नाहीत. या सिद्धांतापायी त्यांनी घरच्या कूलरचा वेग वाढवला, तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर शेजाऱ्याच्या अंगणात सापडलं.

शहाऐंशी साली कॉलेजात फ्रिक्वेन्सी काउंटर आला. विजेची लहर सेकंदाला किती वेळा हेलकावते, ते हे यंत्र मोजतं. आमचं शंभर मेगाहर्ट्झपर्यंत मोजायचं आणि पुढे नुसत्या रेघा दाखवायचं. टीव्हीच्या प्रयोगाला दोनशे लागत. दोनशेचं मॉडेल दुप्पट महाग, पण पुस्तिकेत दोन्हींची जोडणी एकच छापलेली. नत्थूजींनी झाकण उघडून आत पाहिलं आणि मला म्हणाले, "सर, माल तोच हाये. फक्त चिपमंधी लिवून ठेवलं, शंभरावर थांब म्हून."

लॅबचा प्रमुख मी, यंत्राच्या झाकणावरच्या सीलची जबाबदारी माझी. मी नाही म्हणायला हवं होतं. पण मोह मलाही झाला, आता खोटं कशाला बोलू?

चिपमध्ये दोन हजार अठ्ठेचाळीस आकडे होते, आणि त्यांत मधेमधे ए ते एफ ही इंग्रजी अक्षरं. नत्थूजींनी लॅबमधल्या चिप वाचायच्या-लिहायच्या किटवर एकेक वाचून सगळे वहीत उतरवले. शंभराची खूणही सापडली. तिथे मोठा आकडा घालायचा, पण आधी चिप कोरी करायची. ती पुसली जाते पाठीवरच्या काचेच्या खिडकीतून कडक प्रकाश आत गेला की. त्यासाठीचा खास दिवा कॉलेजात नव्हता, पण नागपुरात मे महिना होता.

चिप सक्करदऱ्याला नत्थूजींच्या गच्चीवर गेली, त्यांच्या पत्नी रुख्मिणीबाईंच्या कुरडयांशेजारी. पंधरा दिवसांनी, सोमवारी, वरून तपासणी येणार होती. यंत्र बंद सापडलं असतं तर सील तोडल्याबद्दल नत्थूजी निलंबित, तेही निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना. माझं तोंड कुठे लपवायचं, ते मी ठरवत होतो.

आठ दिवसांनी चिप आणून किटवर पाहिली, तर अर्धीमुर्धीच पुसलेली. म्हणजे जुनीही गेली आणि नवीही नाही. ती परत उन्हात ठेवली आणि दुपारी आम्ही पुन्हा गच्चीवर गेलो. चिप खिडकी खाली करून निवांत पालथी पडली होती.

"हे कोनं उलटवलं वं?" नत्थूजी ओरडले.

"म्या. रोज दुपारी उलटवून राहिली ना," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "वाळवण काय एकाच बाजूनं वाळते?"

"कोनं सांगितलं तुले उलटवाले?"

"अन् थे काय हाये, हे तरी मले कोनं सांगितलं?"

नत्थूजी मटकन कुरडयांवरच बसले. मग त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. पुढचे पाच दिवस रुख्मिणीबाई छत्री घेऊन चिपशेजारी बसल्या. कावळ्याची सावलीसुद्धा त्यांनी तिच्यावर पडू दिली नाही.

रविवारी सकाळी चिप कोरी झाली. आता एवढे आकडे किटवर ठोकायचे. मी वहीतून वाचायला बसलो, पण नत्थूजींच्या अक्षरात आठ कुठला आणि बी कुठला, कळेना. डबा घेऊन आलेल्या रुख्मिणीबाईंनी वही माझ्या हातातून ओढली.

"तीन ई. सी दोन. बी सात."

नत्थूजींचं बोट बटणावर थांबलं. "दाबा ना जी," त्या म्हणाल्या. चार वाजेपर्यंत त्या वाचत होत्या, एकदाही अडखळल्या नाहीत. चिप बसवून यंत्र सुरू केलं आणि आकडा शंभर ओलांडून एकशे ब्याऐंशीवर गेला. मी चक्क टाळ्या वाजवल्या.

सोमवारी तपासनीसांनी यंत्राचा दिवा लागतो एवढं पाहिलं आणि सही केली. संध्याकाळी आम्ही तळलेल्या कुरडया खात बसलो होतो. नत्थूजींनी शेवटी विचारलंच, "तुले इंग्रजी कवा आलं वं?"

"आपल्या जयाचा अभ्यास घेता घेता. तिच्यासंग मॅट्रिकचीबी पुस्तकं वाचली."

"मंग मले काहून नाई सांगितलं?"

रुख्मिणीबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक कुरडई टाकली. "तीस वर्सं झाली लग्नाले. कॉलेजातल्या त्या मशीनीचं झाकन मात्र तुमी पहिल्याच दिवशी उघडून पाह्यलं."