आमच्या बगीच्यातून जाणारी धावपट्टी

शेलूबाजारच्या फाट्यावर जीप भरायला अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात बाबांनी जीपमधल्या एकूणएक माणसाला सांगून टाकलं की पोरगी हैदराबादला विमानतळाचा कोर्स करायला चाललीय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "दोनच वर्साचं काम हाये," बाबा ड्रायव्हरला म्हणाले, "तवरिक आपल्याइथचं इमानतळ होऊन जाते. मंग पोरगी घरची भाकर खाऊन डिवटीले जाईन." ड्रायव्हर म्हणाला, "मंग काका, माह्या जीपले कोन इचारन?" सगळे हसले. माय हसली नाही. तिनं खिडकीतून हात घालून माझी ओढणी नीट केली. "जाय, पन लवकर ये," एवढंच म्हणाली. त्याला आता सात वर्षं झाली.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखेच त्या फाट्यावरून निघून गेलेल्यांनो, तुम्हाला ते वर्ष आठवत असेल. राज्याच्या अर्थसंकल्पात आमच्या भागातल्या धावपट्टीसाठी तरतूद झाली, अशी बातमी टीव्हीवर आली होती. बापरे, काय तो आनंद! पंधरा दिवसांत माणसं आली, दगड रोवून रेघ आखून गेली. रेघ नेमकी आमच्या शेताच्या मधून. तेव्हा कुणीतरी सांगितलं की जमीन घेताना झाडंही मोजतात, झाडांचा मोबदला वेगळा. झालं! आखणीत शेत गेलेल्या सगळ्यांनी संत्र्याची कलमं आणली. संत्र्याला अठरा-वीस फूट अंतर लागतं हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं, तरी बाबांनी आठ-आठ फुटांवर लावली. मी विचारलं, "बाबा, एवढी जवळ काहून?" तर म्हणाले, "आपल्याले का फळं खायाची हायेत? मोजनी करून घ्याची हाये."

मोजणीवाले काही आले नाहीत. मी मात्र गेले.

इथं हैदराबादेत मी काउंटरला बसते. तिकीट बघते, बॅग वजनाला लावते, खिडकीजवळची सीट पाहिजे का विचारते. रोस्टर लागतो, शिफ्ट बदलते, फ्लाइट लेट झाली की लोकांच्या शिव्या खाते. एवढीच माझी विमानविद्या. पण गावाला वाटतं की अख्खं विमान खातं मलाच विचारून चालतं. रेघ नाल्याच्या इकडून जाणार की तिकडून, हे विचारायला किन्हीराजा गावच्या आतेमामांनी मला ऐन ड्यूटीत तीनदा फोन केला होता. मी काय मंत्रालयात बसते का?

दर अधिवेशनात बाबांचा फोन यायचा. एका वर्षी म्हणाले, आपलं नाव आलं. पुढच्या वर्षी आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी पुरवणी मागण्यांत आलं म्हणे. मग टीव्हीवर सांगितलं की राज्यानं विमानाच्या इंधनावरचा कर कमी केला. बाबांनी विचारलं, "म्हंजे आपलं होते का?" मी आमच्या सुपरवायझरला विचारलं. तो म्हणाला, त्यानं विमानं वाढतील. मग नवीन धावपट्ट्या होतील का, तर म्हणे ती वेगळी गोष्ट, त्याचा पैसा वेगळा, त्याचा कायदा वेगळा. मी फोनवर बाबांना हे समजावलं आणि समजावता समजावता माझंच डोकं फिरलं. "तुले बी नाई समजलं ना?" बाबा म्हणाले. नाही समजलं. आजही नाही.

मागच्या महिन्यात फोन आला की संमतीपत्रं आली आहेत. मी एकुलती एक, म्हणून बाबांनी सातबाऱ्यावर स्वतःच्या नावाशेजारी माझंही नाव चढवून घेतलंय. म्हणजे दोघांच्याही सह्या लागणार. मी सुट्टी टाकली आणि गावी गेले.

एरवी सुट्टीत गेले की मी घरातच असायचे; या खेपेला बगीचा पाहिला आणि थक्क झाले. मोजणीपुरती लावलेली ती झाडं डोक्याच्या वर गेली होती, एकमेकांत घुसली होती, आणि त्या गर्दीतही आंबिया बहार धरला होता. फळं लहान, पण होती. बाबा झाडांमधून आडवे होऊन चालत होते, मला एकेक फांदी दाखवत होते. "हे पाह्य. मराले टेकलं होतं, तं हे सगळ्यायच्या पुढं निंगालं." मधली एक-एक ओळ काढून टाका म्हणून कृषी सहायकानं सांगितलं होतं, पण बाबांचा हात धजत नव्हता. माय म्हणाली, "तुह्या बाबाले पाहून राह्यली ना? दिसभर तिथंच." मी तिथल्या तिथं ठरवलं की सही करायची नाही. होऊ दे काय व्हायचं ते.

दुसऱ्या दिवशी बाबांसोबत ग्रामपंचायतीत गेले. तलाठ्यानं कागद पुढं सरकवला, तर बाबांची सही आधीच केलेली! परवाच येऊन करून गेले म्हणे. 

"बाबा, काहून केली?"

"तू वापस येशीन म्हनून," ते म्हणाले. इतकं सरळ म्हणाले, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं होतं.

मी तलाठ्याला विचारलं, "साहेब, इथं प्रवासी विमानं येणार आहेत का?" तो बिचारा भला माणूस. म्हणाला, "ताई, सध्या फक्त धावपट्टी. शिकाऊ पायलटांसाठी अन् आलं तर एखादं हेलिकॉप्टर. प्रवाशांचं पुढं पाहू म्हणतात. पैसा किती मंजूर, किती आला, ते मलाही नक्की माहीत नाही."

शिकाऊ पायलटांना काउंटर लागत नाही. बॅगा नाहीत, तिकिटं नाहीत, मग मी कशाला? हे बाबांना कळलं नव्हतं, आणि तलाठ्याच्या बोलण्यातूनही कळलं नाही. ते माझ्याकडे बघत होते, पेन पुढं करून. खोटं सांगता आलं असतं. सात वर्षं तर तेच चाललं होतं, पुढच्या वर्षी होईल, पुढच्या वर्षी येईन. घर म्हणजे काय, हे मला हैदराबादेत कधी धड सांगता आलं नाही. भाड्याची खोली घर नाही आणि जिथं वर्षाला आठ दिवस जाते ते तरी कसं म्हणावं? पण तलाठ्यासमोरच्या त्या खुर्चीवर बसल्यावर एक कळलं. मी परत यावं म्हणून जो माणूस जीव लावलेला बगीचा देऊन टाकतो, तो जिथं आहे ते माझं घर. आणि तिथं मला राहता येणार नाही.

"बाबा," मी म्हटलं, "इथं माझं काम नाही राहणार. धावपट्टी झाली तरी मला तिकडंच राहावं लागेल."

मी सही केली नाही. कागद तसाच तलाठ्याकडं परत सरकवला.  बाबांनी पेनाचं टोपण लावलं, पेन खिशात अडकवला.

"सुट्टी किती दिसाची हाये?"

"चार."

"मंग चाल. झाडाईले पानी द्याचं हाये."