सहावा खिळा

कोणाच्याही घरी गेले, की चाचा आधी भिंतीवरच्या तसबिरीची पाठ बघायचे. देव असो, पुढारी असो, कोणाचे आजोबा असोत, अलगद उलटे करायचे, पाठीवरच्या खिळ्यांवरून अंगठा फिरवायचे आणि "लोखंडी" म्हणत पुन्हा सरळ टांगायचे. चहा त्यानंतर. अशी समोरचं सोडून मागचंच बघणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

पांढरकवड्याला मी पोस्टात कारकून होतो आणि समोरच चाचांचं फ्रेमा करायचं दुकान होतं. छप्पनच्या सुमारास एका रिकाम्या साहेबी बंगल्याचं सामान लिलावात निघालं. चाचांनी काचेच्या आणि लाकडाच्या लोभाने तिथली चित्रं घेतली, सोबत पितळी खिळ्यांचा एक डबा. चौकटी मोडल्या आणि आतली जाड विलायती चित्रं गिऱ्हाइकांच्या तसबिरींना पाठीमागून लावून टाकली. त्या कागदाला वाळवी लागत नाही, एवढंच तेव्हा त्यांना ठाऊक.

पुढे एक रामपंचायतन काच फुटली म्हणून परत आलं. चाचांनी खोललं, तर मागे कोल्ह्याच्या शिकारीला निघालेला लाल कोटातला जाडा साहेब घोड्यावरून उलटा ओढ्यात पडलेला, कुत्री भलतीकडेच पळताहेत, आणि काठावर बसून कोल्हा मजा बघतोय. चाचा इतक्या मोठ्याने हसले, की मी मनिऑर्डरीची खिडकी सोडून रस्ता ओलांडून गेलो.

पुढची चूक माझीच. चित्राखालचं इंग्रजी मी वाचून दाखवलं. सहापैकी दुसरं, असं लिहिलं होतं.

झालं. डब्यातल्या पितळी खिळ्यांनी पंचवीस-तीस तसबिरी ठोकल्या होत्या, आणि चित्रं त्यांतल्याच सहांच्या मागे होती; कोणत्या, ते चाचांना आठवेना. "काच फुकट बदलून देतो" म्हणत चाचा गावोगाव हिंडू लागले. मारेगावजवळच्या बंजारा तांड्यात तिथल्या नाईकाने देवीची तसबीर उघडण्याआधी त्यांना नारळ फोडायला लावला. चाचांनी फोडला, प्रसादाचं खोबरं खाल्लं आणि पाचवं चित्र घेऊन आले. बोरी अरबला मात्र एसटीने तीन हेलपाटे घातले. तिथे तसबिरीच्या मागे निघाला चहाच्या खोक्याचा पुठ्ठा. परत येऊन मला सांगताना चाचांनी एक सणसणीत शिवी हासडली. ती कोणाला होती, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

दुकानाच्या भिंतीवर पाच चित्रं ओळीने लागली. सहावा खिळा रिकामा. पाचव्या चित्रात कुत्री कोल्ह्याच्या शेपटीला अगदी भिडलेली होती, आणि चाचांचा जीव तिथेच अडकला होता.

"एवढे घोडे, एवढे कुत्रे, अन् कोल्हा एकला," ते रोज म्हणायचे. "बचला का नाही, तेवढं मले मालूम पडलं पाह्यजे, बाबूजी."

"चाचा, चित्रातला कोल्हा तो! शंभर वर्षांपूर्वीच मेला असेल."

"असेल म्हनता ना? म्हंजे तुमाले बी मालूम नाही."

मी वैतागून परत खिडकीवर जाऊन बसायचो.

एका दिवाळीत घराला चुना देताना मी वारलेल्या वडिलांचा मोठा करून घेतलेला फोटो उतरवला. मागे पितळी खिळे! तेव्हा लक्षात आलं, की आमच्या घरी चाचा आले की चहा आधी घेत, आणि भिंतीकडे बघतच नसत. मी धावत दुकानात गेलो.

"मालूम हाय," काच कापता कापता चाचा म्हणाले.

"मग आमचीच तसबीर काहून नाही उघडली?"

"खिळे ठोकले तवा तुमची माय रडून राह्यली होती. म्हने, माह्या मान्साले आता कोनी खोलू नोका. मी जबान देली."

"गावातले सगळे देव उघडलेत की तुम्ही!"

"देवाले जबान नव्हती देली."

आईला विचारायचा मला धीर होत नव्हता. ती रोज सकाळी त्या फोटोला गंध लावायची. चाचांनी मला शपथच घातली होती, की मायजवळ बोलायचं नाही. सात वर्षं मी चरफडलो. चाचाही चरफडले असणार, पण आमच्याकडचा चहा पिऊन निमूट जायचे.

एका उन्हाळ्यात तीन दिवसांच्या तापाने चाचा गेले. कबरस्तानातून परत आलो आणि रागारागाने आईला सगळं सांगून टाकलं.

"दुःखात मानूस काहीबी बोलते," आई थक्क होऊन म्हणाली. "मले तर आठवत बी नाही. सात वर्सं तुमी दोघं गुपचूप बसून राह्यले? मले इचारलं काहून नाही?"

तिनेच फोटो उतरवून माझ्या मांडीवर ठेवला. "खोल."

साहेब आरामखुर्चीत घोरत होता, कुत्री त्याच्या पायाशी लोळत होती, आणि कोल्हा टेबलावरची भाजलेली कोंबडी तोंडात धरून खिडकीतून निघाला होता. आई खुदकन हसली आणि मग तिने पदर डोळ्यांना लावला. मला हसू आलं नाही. चाचांचा राग आला, त्यांच्या शपथेचा आला, आणि सर्वांत जास्त माझा.

चित्र घेऊन दुकानात जायला मला महिना लागला. तिथे ट्रकची पंक्चरं काढणारा बसला होता. पाच चित्रं कुठे गेली, त्याला ठाऊक नव्हतं. भिंतीवर खिळे मात्र सहाही होते. सहाव्याला ट्यूब टांगलेली.

"ती जरा काढता का?" मी म्हणालो.

"काहून?"

मी चित्र त्याच्यापुढे धरलं. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ट्यूब काढली. मी चित्र टांगलं. पाच रिकाम्या खिळ्यांच्या शेजारी कोल्हा कोंबडी घेऊन निघाला होता, साफ बचावलेला.