दुधातली कोळंबी

दुधाबरोबर मासा खाल्ला की अंगावर कोड येतं, हे आमच्या परभणीकडं अशा घरांनाही पक्कं माहीत असतं जिथं मासा कधी शिजतच नाही. माझी आई माळकरी. आमच्या उंबऱ्याच्या आत अंडंसुद्धा आलेलं नाही. तरी शाळेत असतानाच माझ्या बोटांची टोकं पांढरी व्हायला लागली. मग सांगा, मी कुठला मासा कुठल्या दुधातून खाल्ला होता? हे मी तेव्हा कुणाला विचारलं नाही. आठवीत बेंचवरची शेजारीण एक दिवस दप्तर उचलून मागं जाऊन बसली, बाई काही बोलल्या नाहीत, आणि मी शाळेत जायचं हळूहळू सोडून दिलं. घरातूनही कुणी जोर केला नाही.

वसईला आले ती मावसबहिणीचं लेकरू सांभाळायला. एव्हरशाईन सिटीत तिचा वन रूम किचन. लेकरू बालवाडीत जायला लागलं तशी बहीण म्हणाली, इथं जवळच पापडी गावात एक आंटी आहेत, लग्न-बारशाच्या खाण्याच्या ऑर्डरी घेतात, त्यांना हाताखाली कुणी हवंय. मी गेले. आंटींनी दारातच माझे दोन्ही हात हातात घेतले. मी मनात म्हटलं, झालं, आता बघणार आणि परत पाठवणार. त्या डाग बघतच नव्हत्या.

"थंड आहेत गं हात तुझे," म्हणाल्या. "कायम असेच असतात?"

"हो. भीती वाटली की जास्तच."

"मग घाबरत जा. बटरला असेच हात लागतात."

आंटींचे मिस्टर जहाजावर कुक होते. ते गेले, पण त्यांच्या हातचा एक पदार्थ घरात राहिला. पफच्या वाट्या, आणि त्यात पांढऱ्या सॉसमधली कोळंबी आणि माकूळ, म्हणजे स्क्विड. त्याचं खरं नाव परदेशी आहे, ते आंटींनाही नीट म्हणता येत नाही. आम्ही वाट्याच म्हणतो. पीठ म्हणाल तर आपल्या खारीचंच, फक्त जास्त लाडावलेलं. मैद्याच्या पोळीत बटरची लादी गुंडाळायची, लाटायचं, तिघडी घालायची, फ्रीजमध्ये ठेवायचं, मग पुन्हा लाटायचं. बटर वितळलं तर सगळे थर एक होऊन चपाती होते. वसईच्या दमट हवेत ते वितळायला टपलेलंच असतं, म्हणून हे काम पहाटे, कडप्प्याच्या ओट्यावर. मोठ्या कटरनं गोल कापायचे, त्यात छोट्या कटरनं अर्धाच दाब द्यायचा, म्हणजे भट्टीत मधलं झाकण सुटून वर येतं. फेटलेल्या अंड्याचा हात फक्त माथ्यावर. कडेनं ओघळ गेला की वाटी एका अंगानं लंगडी उगवते.

हे सगळं मी शिकले आणि कुणापेक्षा कमी करत नाही. सॉसही मीच करायची. टरफलं उकळून त्याचं पाणी, लोण्यात न तांबवता परतलेला मैदा, दूध, साय, मिरी, जायफळ. फक्त एक गोष्ट करत नव्हते. तो सॉस मी कधी जिभेला लावला नाही. कोळंबीचं सुकं खायला शिकले होते, पण दुधातली नाही. आधीच जे हातावर आहे ते तोंडापर्यंत यायला नको, अशी भीती. चव आंटी बघायच्या. त्या "हं" म्हणाल्या की मी गॅस बंद करायची.

कोळंबी द्यायला पाचूबंदरच्या कोळीवाड्यातून एक मावशी यायची. टोपली उतरवली की पहिल्यांदा आमच्या पातेल्यात डोकावायची.

"यवरी ताजी कोलंबी आनते, आनि तुमी तिला दुधात बुडवता? आजाऱ्याची पेज करता का गं बाय?"

"तू खाऊन तरी बघ," आंटी म्हणायच्या.

"मी? माजी पोरं लग्नाची हायेत अजून!" असं म्हणून ती हसायची, आणि हसता हसता तिची नजर माझ्या हातांवर जायची, मग पटकन टोपलीवर. तिच्या मनात वाईट नव्हतं. पण जायची.

आणि नेमकी तिचीच ऑर्डर आली. तिचा मुलगा मोठ्या प्रवासी जहाजावर वेटर. त्याचा साखरपुडा ठरला, बोळिंजच्या एका हॉलमध्ये, आणि त्यानं हट्ट धरला की जहाजावर साहेबलोक खातात त्या वाट्याच पाहिजेत. मावशी कपाळावर हात मारत सांगायला आली. आंटींना हसू आवरेना. मग मात्र त्या गंभीर झाल्या. गुडघ्यांनी त्यांना आता उभं राहू देत नव्हतं. वाट्या आधी भरून चालत नाही, मऊ पडतात. पाहुण्यांसमोर उभं राहून, गरम सॉस घालून, लगेच द्याव्या लागतात. आजवर समोर त्या उभ्या राहायच्या, मी मागं.

"समोर तू राहशील तर घेते," त्या म्हणाल्या. "नाहीतर वाट्या आता बंदच. दुसऱ्या कुणाला शिकवायचं माझं वय नाही."

मी हो म्हटलं आणि घरी जाताना मेडिकलमधून हातमोजे घेतले. पूर्ण बाह्यांचा ड्रेस बहिणीकडून आणला. आंटींनी ते बघितलं. "घाल हवं तर," एवढंच म्हणाल्या.

हॉलमध्ये सुरुवात बरी झाली. पण वाफेनं मोज्यांच्या आत घाम साचला, बोटं सरकायला लागली, आणि वाटीवर झाकण ठेवताना ते दाबलं जाऊन चुरा व्हायचा. दोन-चार वाट्या अशा गेल्या. समोर रांग. मी मोजे काढले, हात धुतले, बाह्या वर केल्या आणि पुढची वाटी नीट भरली. ती घ्यायला नवरीची आत्या पुढं झाली होती. जरीची साडी, हातात प्लेट. प्लेट तशीच मागं गेली.

"अगं बाई! हिचे हात बघितले का?" ती मागच्या बायकांकडं वळली. "दूध आणि कोळंबी, आणि वर हिच्या हातचं. अजून काय पुरावा पाहिजे? शुभकार्यात हे कुणी ठेवलं?"

रांग विस्कटली. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं आणि सगळे माझ्याच हातांकडं बघत होते. मावशी लगबगीनं आली. विहिणीकडचं माणूस नाराज झालं म्हणून तिचा चेहरा उतरलेला. माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "बाय माजी, तू आतून भरून दे. बाहेर दुसरी पोरगी उभी करते. रागवू नको गं. माज्या पोराचा दिस हाय."

आत म्हणजे भांडी घासायच्या जागेशेजारी. मला सवय होती. पाय तिकडं वळलेसुद्धा. हात नेहमीपेक्षा गार. पण शाळा सोडली तशी ही जागा सोडायला मी आता कुणाच्या बापाची बांधील नव्हते. वाट्या मी लाटल्या होत्या.

"मावशी, आत नाही जाणार," मी म्हटलं. "नको असेल तर ट्रे परत नेते. पण देईन तर इथूनच."

मग आत्याकडं बघितलं. "आणि ताई, हे डाग आले तेव्हा मी मासा पाहिलापण नव्हता."

"ठीक आहे, मग तूच खा की," ती म्हणाली.

तिला वाटलं नसावं, पण मी खाल्ली. उभ्यानं, सगळ्यांदेखत, एका घासात अर्धी. थर दातांखाली मोडले, आत गरम साय, मग कोळंबीचा गोडवा. पहिल्या घासाला एवढंच कळलं. दुसऱ्या घासाला बाकीचं कळलं, आणि मी दचकले.

मीठ कमी होतं. कमी म्हणजे जवळजवळ नव्हतंच. मिरीही नुसती नावाला.

सगळे माझं तोंड बघत होते, आता हिला काय होतंय म्हणून. मी मिठाचा डबा ओढला, सॉसमध्ये घातलं, मिरी कुटून घातली, ढवळलं, त्याच पातेल्यातलं थोडं बशीत काढून पुन्हा चाखलं. आता बरोबर. "आता या," मी म्हटलं. "मघाशी अळणी होतं."

मावशी आधी हसली. मग तिनंच हात पुढं केला. "दे, मरू दे ती पोरांची लग्नं," म्हणाली आणि तोंडात टाकली. चावत राहिली. "पेज नाय गं ही. कोलंबी लागते हो कोलंबीसारकी!" तिचा मुलगा तर तीन खाऊन गेला. रांग पुन्हा लागली, आधीएवढी नाही, पण लागली. आत्यानं शेवटपर्यंत खाल्लं नाही. न खाऊ दे. मी तेवढ्यासाठी आत थोडीच जाणार होते.

संध्याकाळी आंटींना सगळं सांगितलं. मीठ कमी होतं हे सांगावं की नाही याचा रस्ताभर घोर होता. या बाईनं मला घरात घेतलं, हाताला धरून शिकवलं, तिला कसं म्हणायचं की तुमची चव चुकली? शेवटी म्हटलं.

त्या गुडघे चोळत होत्या. "बरेच दिवस मला कसली चवच लागत नाही गं," म्हणाल्या. "कॉफीपण नाही. तू चाखत नव्हतीस, म्हणून मला हं म्हणावं लागायचं."

आता चव मी बघते, त्या बघत नाहीत. पातेलं उतरायच्या आधी बशीत काढून, फुंकून, दर वेळी. समोरही मीच उभी असते, अर्ध्या बाह्यांत. डाग मनगटाच्या वर आलेत. ते आधीपासूनच चढत होते, आणि डॉक्टर म्हणाले, माशाचा नि दुधाचा यात काही हात नाही. ते म्हणाले नसते तरी मी चाखलंच असतं.

मागच्या आठवड्यात फोनवर आईला सांगितलं, मी दुधातली कोळंबी चाखते. ती म्हणाली, "बाई, गावात आलीस की हे कुणाला बोलू नको बरं."

"बोलणार," मी म्हटलं. "आणि कुणी विचारलं तर हातपण दाखवणार."