झिरोबाईंचं गाइडबुक

आमच्या आत्याने बत्तीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. कुठल्याही वॉर्डातून शून्य फिरवला की तिचा आवाज यायचा, म्हणून सगळं हॉस्पिटल तिला झिरोबाई म्हणायचं. तिची खोली तळमजल्यावर, लिफ्टच्या मोटरीमागे, बिनखिडकीची. तिथे बसून ती लोकांना सांगायची, एक्स-रे दुसऱ्या मजल्यावर, जिना चढून डावीकडे, पुढचा दरवाजा जड आहे, जोरात ढकला. स्वतः ती दुसऱ्या मजल्यावर दोनदा गेली होती.

रिटायर झाली त्याच आठवड्यात तिने जाहीर केलं की ती फिरायला जाणार. आशियातल्या उष्ण देशांत, जिथे जंगल थेट समुद्रापर्यंत येतं. आणि एकटी. टूर कंपनी नाही, झेंडा धरून पुढे चालणारा माणूस नाही.

इकडे बाबांनी, म्हणजे तिच्या मोठ्या भावाने, त्याच देशांची नऊ दिवसांची टूर परस्पर ठरवून टाकली होती. आई, बाबा, आईची आई म्हणजे माझी आजी, आणि आत्या. आजी आणि आत्या एका खोलीत. "दोघींना एकमेकींची सोबत," बाबा म्हणाले. आता आजीची सोबत म्हणजे काय, ते मी सांगते. तिच्या गोळ्या, कवळी, कानाचं मशीन आणि तक्रारी, या चारही गोष्टी वेळच्या वेळी बघाव्या लागतात. थोडक्यात, आत्याच्या आयुष्यातला पहिला प्रवास ड्यूटीवर होणार होता. माझं डोकंच फिरलं, पण आमच्या घरात माझ्या डोक्याची दखल कोणी घेत नाही.

बाबा दुष्ट नाहीत. त्यांना काळजी वाटते, फक्त ती ते हुकूम सोडल्यासारखी बोलून दाखवतात. ते आत्याला म्हणाले, "एकटी जाणार ती कशाच्या भरवशावर? एक धड पुस्तक तरी दाखव, ज्याच्यावर विश्वास टाकता येईल. शनिवारी टूरला नावं द्यायची आहेत. तोपर्यंत मला पटलं तर जा, नाहीतर मुकाट्याने आमच्याबरोबर चल."

मी म्हटलं, "अगं आत्या, आता सगळं मोबाइलवर मिळतं."

"मोबाइलवर पन्नास लोक पन्नास गोष्टी सांगतात," ती म्हणाली. "पुस्तक काय ते एकदाच सांगतं. खोटं बोललं तर पकडता येतं."

दुकानातून ती तीन गाइडबुकं घेऊन आली. एक पिवळं, उशीइतकं जाड. एक निळं, गुळगुळीत, पानोपानी समुद्राचे फोटो. तिसरं लाल, पातळ, आठ वर्षं जुनं. "हे नका घेऊ, मावशी, जुनं झालंय," असं दुकानदार म्हणाला, तेव्हा तिने ते आधी पिशवीत टाकलं.

दुसरं कोणी असतं तर नकाशे बघितले असते, कुठे काय बघायचं ते वाचलं असतं. आत्याने प्रत्येक पुस्तकातले लॉज आणि गेस्टहाउसचे वीस-वीस नंबर काढले, वहीत रेघा मारल्या, आणि सकाळी दहा वाजता फोन लावायला बसली. कितव्या घंटेला उचलला, कोणी उचलला, काय म्हणाला. तीन दिवस हाच उद्योग. तिचं इंग्रजी मोडकं, समोरच्याचं त्याहून मोडकं, पण बत्तीस वर्षं गोंधळलेल्या माणसांशी बोललेल्या बाईला त्याचं काय! पाचव्या-सहाव्या फोनपर्यंत तर तीच त्यांना "घाबरू नका, सावकाश सांगा" असं म्हणायला लागली.

पिवळ्या पुस्तकातले सतरा नंबर लागले. निळ्यातले नऊ. लाल पुस्तकातले फक्त चार.

शुक्रवारी संध्याकाळी बाबा वही बघायला आले. सतराचा आकडा बघून त्यांचा चेहरा पडला, कारण एकही पुस्तक पास होणार नाही असा त्यांचा अंदाज होता.

"म्हणजे पिवळं," ते म्हणाले.

"लाल," आत्या म्हणाली.

बाबांनी कपाळाला हात लावला. "अगं, सोळा नंबर बंद किंवा चुकीचे आहेत त्यात!"

"त्यातला एक चुकीचा नंबर एका बाईच्या घरी लागतो," आत्या म्हणाली. "शाळेचे गणवेश शिवते ती. पुस्तकात एक आकडा चुकलाय, म्हणून आठ वर्षं त्या लॉजचे फोन हिच्याकडे येतायत. आधी चिडायची म्हणे. मग तिने लॉजचा खरा नंबर शोधून भिंतीवर लिहून ठेवला. मग लोक बोटीची वेळ विचारायला लागले, तर धक्क्यावर जाऊन वेळापत्रक उतरवून आणलं. कोणी सांगितलं नव्हतं तिला."

"बरं, मग?"

"सतरा ठिकाणी मला विचारलं, किती माणसं, किती दिवस. हिने विचारलं, तुम्हाला काय बघायचंय?" आत्याचे डोळे भरून आले होते आणि तिने ते लपवले नाहीत. "मला उत्तरच देता येईना, दादा. मला कोणी कधी विचारलंच नव्हतं."

बाबांना कोणी रडलं की फार राग येतो, कारण मग त्यांनाही रडू येतं. त्यांनी तो लाल पुस्तकातला नंबर स्वतः लावला, आम्हाला ऐकू येईल असा. इंग्रजी बोलताना त्यांचा आवाज बँकेत तक्रार केल्यासारखा होतो. त्यांनी विचारलं, एकट्या बाईने तिकडे यावं का? धोका तर नाही ना?

पलीकडे शिलाई मशीन थांबल्याचा आवाज आला. मग ती बाई म्हणाली, "ते मी कसं सांगू? मी कधी एकटी कुठे गेले नाही. तुमच्या बहिणीला येऊ द्या, मग मी तिलाच विचारीन."

बाबांनी आभार मानले, फोन ठेवला आणि बराच वेळ चष्मा पुसला. शनिवारी त्यांनी टूरला तीनच नावं दिली. आजीच्या खोलीतल्या दुसऱ्या खाटेवर आईचं नाव घातलं होतं. आईने ते खोडून बाबांचं लिहिलं.

पुढच्याच महिन्यात आत्या गेली. पोचल्याचा फोन आला, मग तीन दिवस काहीच नाही. बाबांची पाचावर धारण बसली. त्यांनी शिवणकामवाल्या बाईचा नंबर लावला. घंटा वाजत राहिली. दिवसभरात अकरा वेळा लावला. आठ वर्षं न चुकता उचलला जाणारा फोन कोणी उचलेना. "सांगत होतो मी, सांगत होतो," असं म्हणत ते घरभर फिरले, आणि खरं सांगते, त्या दिवशी मीही घाबरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याचाच फोन आला. मागे वारा आणि बोटीचा भोंगा.

"आम्ही पलीकडच्या बेटावर आलोय. इथे रेंज फक्त धक्क्यावर येते. ही बाई आठ वर्षं लोकांना या बेटाचा रस्ता सांगत होती, स्वतः आलीच नव्हती. म्हटलं, चला की! पुस्तक आहे माझ्याकडे."

बाबांचा जीव भांड्यात पडला, तरी आवाज चढलाच. "अगं, पण तिकडे तुमच्या दोघींत कोण कोणाला सांभाळतंय?"

आत्याने जरा विचार केला.

"कोणीच नाही, दादा," ती म्हणाली, आणि पलीकडे दोघी इतक्या जोरात हसल्या की बाबांना फोन कानापासून लांब धरावा लागला.